तेवीस तास आणि काही मिनिटं

शिडाच्या नौकेतून पूर्वेकडे पृथ्वीप्रदक्षिणेला निघालं, की पुरता चोवीस तासांचा दिवस मिळत नाही. रेखांशाचा एकेक अंश ओलांडला की सूर्य चार मिनिटं आधी माथ्यावर येतो. दक्षिणेच्या पन्नासाव्या अक्षांशावर हा अंश जेमतेम ७१ किलोमीटरचा उरतो; वारा पाठीशी असला तर दिवसाला चार अंश सहज मागे पडतात. झाला पाव तास कमी. तो कापायचा कुठून? झोपेतूनच.

झोपेचे तर आधीच तुकडे. दिलीप दोंदे २००९च्या ऑगस्टमध्ये गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून एकटे निघाले, ते पुढच्या मे महिन्यात परतले. असं एकटं असलं की गजर लावून निजायचं, उठून क्षितिजावर जहाज नाही ना ते पाहायचं, शिडांवर नजर टाकायची, पुन्हा आडवं व्हायचं. २०१७-१८ साली ‘तारिणी’वर वर्तिका जोशींसह सहा जणी होत्या. इतकी माणसं असली की पाळ्या लावता येतात; पण मग एकाच छपराखालची माणसं एकमेकांना भेटतात ती बहुधा जांभया देतानाच.

प्रवासवर्णनांत वादळांची पानं सगळे वाचतात. मला स्वयंपाकाची आवडतात. नौका दिवसचे दिवस एका अंगावर कललेली. गॅसची शेगडी मात्र दोन बाजूंच्या खुंट्यांवर झुलती टांगलेली असते, त्यामुळे साऱ्या घरात सरळ राहते ती एकटी तीच. भात शिजतो शेगडीवर, तो ताटात घ्यायचा की खोल वाडग्यात, हा प्रश्न पहिल्याच लाटेत निकालात निघतो. हिरवी भाजी आठवड्याभरात संपते. कांदे-बटाटे टिकतात, पण रोज चाळावे लागतात. एक नासला की शेजाऱ्याला घेऊन जातो. मटकीला मोड आले की सण.

सुकाणू सतत धरून बसावं लागत नाही. मागच्या बाजूला एक पातं वाऱ्याची दिशा ओळखतं, दुसरं पाण्यात असतं आणि नौकेच्याच वेगातून जोर घेऊन सुकाणू वळवतं. वीज लागत नाही, पगार लागत नाही. माणसाने फक्त कुठला दोर कशावर घासतोय ते हुडकत फिरायचं. मीठ मुरलेला सदरा पुरता वाळत नाही, कारण मीठ हवेतली ओल ओढत राहतं.

विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात तऱ्हा वेगळी. शिडं नुसती फडफडतात, आणि अचानक सर येते. सगळे अंगाला साबण चोळतात, अन् नेमकी तेव्हाच सर थांबते.

पाव-पाव तासाने गेलेल्या वेळाची फेड पॅसिफिकमध्ये होते. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की एकच तारीख लागोपाठ दोनदा येते. कोरा, फुकटचा दिवस! पण ती तारीख संकष्टीची निघाली तर? उपवास दोनदा धरायचा का, हे कुठल्या पंचांगात बघायचं? आणि दक्षिण महासागराचं ते ढगाळ आभाळ बघता, एकाच उपवासाला चंद्र दिसला तरी पुष्कळ.