डिंटिंग शेडमधून गेलेल्या गोष्टी

मँचेस्टरहून ग्लॉसपला जाणाऱ्या लोकलच्या वाटेवर डिंटिंग नावाचं छोटं स्टेशन लागतं. स्टेशनाजवळच्या जुन्या इंजिन शेडमध्ये १९६८ पासून १९९० च्या सुमारापर्यंत एक रेल्वे संग्रहालय होतं. ते चालवणारी माणसं आठवडाभर आपापल्या नोकऱ्या करत आणि सुट्टीच्या दिवशी शेडवर राबत. संग्रहालय बंद झालं तेव्हा तिथली नावाजलेली इंजिनं सुखरूप दुसरीकडे गेली, त्यामुळे सगळं वाचलं असं वाटू शकतं. पण इंजिनांच्या आजूबाजूला बरंच काही होतं. त्याची ही यादी.

वर्गणीचं इंजिन

'बहामाज', क्रमांक ५५९६. विल्यम स्टॅनिअर यांच्या आराखड्यावरून १९३५ साली ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यात बांधलेलं, तीन सिलिंडरांचं. १९६६ मध्ये ते कामावरून काढलं. त्या वर्षांत ब्रिटनभर वाफेची इंजिनं रांगेनं भंगारात निघाली होती. काही हौशी मंडळींनी संस्था काढली, पैसे जमवले आणि १९६७ मध्ये ३,००० पौंडांना ते विकत घेतलं. लीड्सच्या हन्स्लेट कारखान्यातून दुरुस्तही करून आणलं. ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेनं मुख्य मार्गावरची आपली शेवटची वाफेची प्रवासी गाडी सोडली. ते वर्ष संपायच्या आत बहामाज डिंटिंगला पोचलं होतं. सरकारी खात्यानं टाकून दिलेली वस्तू सामान्य पगारदारांनी विकत घ्यायची आणि चालवूनही दाखवायची, ही हिंमत या यादीत सगळ्यात वर.

शेड

ग्रेट सेंट्रल रेल्वेच्या काळातलं. इंजिनाखाली उतरून काम करायला रुळांमधले खड्डे, धूर बाहेर जायला छपरात वाट, पाणी, कोळसा, साइडिंग. इंजिन कुठल्याही छताखाली उभं राहू शकतं. पण ज्या जागी त्याची राख काढली जायची, बॉयलर धुतला जायचा, त्या जागेवर ते पाहिलं की ते का आणि कसं होतं हे न सांगता कळतं.

पाहुणे

बहामाजच्या जोडीला इतर इंजिनंही आली. वेल्समधल्या बॅरीच्या भंगारवाड्यातून सुटलेलं 'लिअँडर' सत्तरच्या दशकात इथे होतं. १९३६ च्या 'नाइट मेल' या माहितीपटात दिसलेलं 'स्कॉट्स गार्ड्समन' इथेच दुरुस्त होऊन १९७८ मध्ये पुन्हा वाफेवर आलं. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीचं 'कोल टँक', क्रमांक १०५४, इथून १९८० च्या रेनहिल इथल्या जुन्या इंजिनांच्या मिरवणुकीत गेलं. एका शेडमध्ये तीन पिढ्यांची इंजिनं शेजारी उभी असत. आज ती एका छताखाली नाहीत.

नावं

बहामाज ज्या वर्गाचं, त्याचं नाव 'ज्युबिली'. १९३५ हे राजे पाचवे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाचं रौप्यमहोत्सवी वर्ष, म्हणून. १९३४ ते १९३६ या काळात अशी १९१ इंजिनं झाली आणि त्यांतल्या कितीकांना साम्राज्यातल्या मुलुखांची नावं मिळाली. ५५७६ बॉम्बे, ५५८७ बडोदा, ५५८९ ग्वाल्हेर, ५५९२ इंदूर, ५५९३ कोल्हापूर. मराठ्यांच्या चार संस्थानांची नावं तीसेक वर्षं इंग्लंडच्या रुळांवर धावत होती. १९१ पैकी आज चार उरली आहेत: कोल्हापूर, बहामाज, लिअँडर आणि गॅलेटिआ. त्यांपैकी दोन डिंटिंगला राहिली. कोल्हापूर बर्मिंगहॅमजवळ टायसलेच्या मंडळींनी वाचवलं. १९६७ च्या उन्हाळ्यात, भंगाराच्या उंबरठ्यावर असताना, ते लीड्सच्या शेडमधून कार्लाइलच्या डोंगरवाटेवर प्रवासी गाड्या ओढत होतं. कोल्हापूरच्या शाहू महाराज टर्मिनसवर त्याचा एक मोठा फोटो लागायला हवा.

वाहता मार्ग

डिंटिंगवरून जाणारा मँचेस्टर–शेफील्ड मार्ग वुडहेडच्या बोगद्यातून पेनाइन डोंगर ओलांडायचा. १९५४ मध्ये तो १५०० व्होल्ट डीसीवर आला. मुंबईच्या लोकलला १९२५ पासून हीच वीज होती. शेफील्डच्या प्रवासी गाड्या जानेवारी १९७० मध्ये थांबल्या आणि मालगाड्या जुलै १९८१ मध्ये. १९८४ मध्ये ग्लॉसपपर्यंतचा उरलेला तुकडा २५ हजार व्होल्ट एसीवर गेला. डोंगरातल्या रूळमार्गाची पायवाट झाली, बोगद्यातून विजेच्या केबल गेल्या. मुंबईतली डीसी वीज २०१६ पर्यंत टिकली. संग्रहालय सुरू झालं तेव्हा ते देशाच्या दोन मोठ्या शहरांना जोडणाऱ्या मार्गावर होतं. शेवटच्या वर्षांत ते उपनगरी फाट्याच्या टोकाशी उरलं.

लोकरीची वात

इंजिनाच्या बेअरिंगवर पितळी झाकणाची तेलाची डबी असते. तिच्या मधोमध एक बारीक नळी. तारेला लोकरीचे धागे गुंडाळून त्यांचं एक टोक नळीत उतरवायचं, दुसरं तेलात बुडवायचं. लोकर तेल शोषते, वर चढवते आणि थेंब थेंब बेअरिंगवर सोडते. धागे कमी झाले तर तेल कमी झिरपतं आणि बेअरिंग तापतं. जास्त झाले तर तेल वाहून जातं. इंजिन रात्रभर उभं राहणार असेल तर ही वात आठवणीनं उपसून ठेवावी लागते. हे पुस्तकात लिहिलेलं आहे. पण धागा किती घट्ट बसवायचा, ते जाणत्याच्या हाताखाली बसून बोटांनाच शिकावं लागतं.

शिशाचा बूच

भट्टीच्या माथ्यावर नेहमी पाणी हवं. ते माथ्याखाली गेलं तर धातू लाल होऊन बॉयलर फुटू शकतो. म्हणून माथ्यात शिसं भरलेले बूच बसवतात. पाणी उतरलं की शिसं वितळतं, वाफ भट्टीत घुसते आणि फायरमन सावध होतो. तो बूच वेळोवेळी काढायचा, तपासायचा, बदलायचा, नोंद करायची. पर्यटकाला तो कधीच दिसत नाही. संग्रहालय चालवणाऱ्यांचं निम्मं आयुष्य अशा न दिसणाऱ्या वस्तूंत जातं.

सुट्टीचा दिवस

थंड बॉयलर घाईनं तापवता येत नाही. घाई केली की सांधे गळतात. म्हणून आग आदल्या दिवशीच लावायची, रात्री कुणीतरी थांबायचं. पहाटे राख काढायची, नळ्या घासायच्या, तेल घालायचं. मग दुपारी मुलं येऊन शिट्टी ऐकणार. संध्याकाळी पुन्हा सगळं निवेपर्यंत थांबायचं. त्यात दर दहा वर्षांनी बॉयलर उतरवून पूर्ण दुरुस्ती, ज्यासाठी पुन्हा वर्षानुवर्षं वर्गणी. हे सगळं बिनपगारी. अशा शेडमध्ये रेल्वेतून निवृत्त झालेला ड्रायव्हर आणि शाळकरी मुलगा एकाच चाकापाशी वाकलेले असतात. शेड बंद होतं तेव्हा ही गाठ सुटते. म्हाताऱ्याला नव्या गावी दर सुट्टीला जाणं झेपत नाही आणि मुलाला तिथे नेणारं कुणी नसतं.

करार

इंजिन संस्थेचं होतं, जमीन नव्हती. जागा भाड्याची. कराराची मुदत वाढवून मिळेना आणि जागा विकत घेणंही जमेना, तेव्हा संस्थेनं डिंटिंग सोडलं. स्वयंसेवी संग्रहालयं बहुधा अशीच संपतात. लोक थकलेले नसतात, इंजिन बिघडलेलं नसतं. सात-बाऱ्यावर आपलं नाव नसतं. माणसं भावनेपोटी वस्तूसाठी पैसे देतात. जमिनीच्या कागदासाठी वर्गणी मागणं अवघड जातं, आणि बावीस वर्षांचे कष्ट त्याच एका कागदावर उभे असतात.

कोळसा

ब्रिटनची शेवटची खोल कोळसा खाण, केलिंगली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. जुन्या इंजिनांना कोळसा देणारी वेल्समधली फॉस-इ-फ्रान ही उघडी खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये थांबली. ज्या देशानं आगगाडी जगाला दिली, तिथली इंजिनं आता परदेशी कोळशावर आणि कृत्रिम इंधनाच्या प्रयोगांवर अवलंबून आहेत. डिंटिंगकरांना ही चिंता कधी करावी लागली नव्हती.

टिकलेलं

न्यायानं तेही लिहिलं पाहिजे. संस्था मोडली नाही. यॉर्कशायरमध्ये कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वेच्या इंग्रो स्टेशनाजवळ तिनं नवं घर केलं. लॉटरीच्या वारसा निधीची मदत मिळाली, मोठी दुरुस्ती झाली आणि २०१९ मध्ये बहामाज पुन्हा मुख्य मार्गावर गाडी घेऊन धावलं. पन्नासहून अधिक वर्षं एकाच इंजिनामागे उभी राहिलेली ही माणसं कुठल्याही नामफलकाइतकीच मोलाची आहेत.

मूर्तिजापूर–यवतमाळ

आपल्या विदर्भात या मार्गावरची 'शकुंतला' ही नॅरोगेज गाडी ओढणारं झेडडी वर्गाचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं होतं, म्हणजे डिंटिंगच्या शेजारचंच. डिंटिंगचं शेड रिकामं झाल्यानंतरही ते कामावर होतं. १९९४ मध्ये त्याची जागा डिझेलनं घेतली. त्या गाडीचे ड्रायव्हर, फायरमन, फिटर, सांधेवाले आता उतारवयात आहेत. ओल्या कोळशावर वाफ कशी धरायची, पावसात रूळ निसरडे झाले की वाळू कधी सोडायची, कुठलं बेअरिंग कुठल्या महिन्यात तापायचं, हे त्यांच्याजवळ आहे. महाराष्ट्रात उद्या कुणी हौशी मंडळी रेल्वे संग्रहालय काढतील तर त्यांनी जागेचा कागद आधी पक्का करावा, इंजिन मागून आणावं. आणि या दोन्हींची वाट न पाहता त्या माणसांचं ऐकून, लिहून, रेकॉर्ड करून ठेवावं. त्यासाठी ना शेड लागतं, ना भाडेकरार, ना तीन हजार पौंड.