नसलेली बोटे

(द्वितीय वर्ष, कला)

दाढ असते म्हणून दाढ दुखते आणि पोट असते म्हणून पोट दुखते, हे कोणालाही पटते. जे आहे त्याचे दुखणे सांगितले की लोक काढा सुचवतात, डॉक्टरांचा पत्ता देतात, निदान 'अरेरे' तरी म्हणतात. पण जे नाही तेच दुखू लागले तर ते कोणाला सांगायचे? आणि सांगितले तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार? हा प्रश्न मला तत्त्वज्ञानाच्या तासाला पडलेला नाही. मी अकरा वर्षांची होते तेव्हापासून तो माझ्या उजव्या हातात आहे.

माझ्या उजव्या हाताला तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ही तीन बोटे नाहीत. आमचे गाव माण तालुक्यातले. पाऊस बेताचा, ज्वारी आणि जनावरे यांवर घर चालते. सहावीत असताना एका संध्याकाळी मी अण्णांना कडबाकुट्टीवर मदत करत होते. अण्णा मागून पेंढ्या सोडून देत होते आणि मी त्या यंत्रात सरकवत होते. यंत्राच्या रोलरांनी कडब्याबरोबर हातही ओढला. पुढचे मला फारसे आठवत नाही. आठवते ते एवढेच, की अण्णांनी मोटर बंद केली आणि नंतर गोठ्यात इतकी शांतता पसरली की बैलाचे रवंथ करणे ऐकू येत होते.

जखम महिन्याभरात भरली. त्यानंतर एके दिवशी दुपारी मला अनामिकेला खाज सुटली. मी डाव्या हाताने खाजवायला गेले तर तिथे काहीच नव्हते. खाज मात्र होती, नेमकी मधल्या पेरावर. अनामिका म्हणजे जिला नाव नाही ती. त्या दिवसापासून माझे दुखणेही तसेच झाले, त्याला नाव नव्हते. कधी मुंग्या येत, कधी बोटे गार पाण्यात बुडवल्यासारखी वाटत. सगळ्यांत वाईट म्हणजे कधी कधी ती तिन्ही बोटे मिटायची आणि उघडायचीच नाहीत. नखे तळहातात रुतत. समोर तळहात स्वच्छ, मोकळा दिसायचा आणि डोळ्यांतून पाणी यायचे.

तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी हात दाबून पाहिला, जखम चांगली भरली आहे म्हणाले आणि आईला सांगितले, "मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका." शेजारच्या काकूंनी 'बाहेरचं काहीतरी' असल्याचे सांगून लिंबू उतरवून टाकला. एकाने मन म्हटले, दुसऱ्याने भूत म्हटले. दुखायचे ते दुखतच राहिले.

विश्वास ठेवला तो फक्त आजीने. अपघातानंतर तिनेच ती बोटे फडक्यात गुंडाळून विहिरीकडेच्या कडुनिंबाखाली पुरली होती. मी कळवळले की ती तांब्या घेऊन उठायची आणि त्या जागेवर पाणी ओतून यायची. "तहान लागली असंल गं बोटास्नी," म्हणायची. मी एकदा विचारले, "आज्जे, तुला खरंच वाटतं का, मला दुखतं म्हणून?" ती म्हणाली, "तुजा आजा गेला तवा माज्या बांगड्या फोडल्या. वरीसभर हात हलवला की बांगड्या वाजल्यागत वाटायचं. कुनाला सांगू? येडी म्हनली असती." आजीने आयुष्यात शाळा पाहिली नव्हती. पण दुसऱ्याचे न दिसणारे दुखणे मान्य करायला शाळा लागत नाही, हे मी तिच्याकडून शिकले.

अण्णांना मात्र मी कधीच काही सांगितले नाही. अपघातानंतर पंधरा दिवसांत त्यांनी ते यंत्र निम्म्या किमतीत विकून टाकले. आजही आमच्याकडे कडबा कोयत्यानेच तोडला जातो. माझ्या हाताकडे ते बघत नाहीत. ताट वाढतानासुद्धा त्यांची नजर बाजूला असते. नसलेली बोटे अजून दुखतात असे त्यांना सांगणे म्हणजे तो दिवस पुन्हा त्यांच्यापुढे मांडणे. म्हणून रात्री दुखले की मी उशीत तोंड खुपसत असे.

दिवस जातातच. मी डाव्या हाताने लिहायला शिकले. डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून बोलणी खाल्ली, मग अंगठा आणि करंगळीच्या मध्ये प्रसाद धरायला शिकले. आमच्या घरात आई अजून कागदावर अंगठा उठवते, अण्णा चौथीपर्यंत गेलेले. कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या मे महिन्यात एक स्थळ आले होते. मावशीने बजावले, "हात पदराखाली ठेव." मी ठेवला. पाहुणे पोहे खात होते आणि पदराखाली मध्यमेला मुंग्या येत होत्या. जे मुळात नाहीच ते मी झाकून बसले होते आणि ते काही झाकून राहत नव्हते! स्थळ जुळले नाही. बरेच झाले, नाहीतर हा लेख लिहायला मी इथे नसते.

या वर्षी मानसशास्त्राच्या तासाला मॅडमनी मेंदूचे प्रकरण शिकवले आणि जाता जाता एक शब्द सांगितला, 'फँटम लिंब'. म्हणजे भुताचा अवयव. माझ्या वहीवरचा हात थांबला. तास संपल्यावर मी मॅडमकडे गेले. त्यांनी पुस्तके काढून दिली, काही कागद छापून दिले. इंग्रजी माझे कच्चे. शब्दकोश शेजारी ठेवून एकेक पान लावावे लागले. पण इतके मन लावून मी आजवर काहीही वाचलेले नाही.

सोळाव्या शतकात आम्ब्रवाज पारे नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याने लिहून ठेवले होते, की हातपाय कापलेले सैनिक नसलेल्या अवयवात वेदना होत असल्याचे सांगतात. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) हजारो सैनिकांचे हातपाय कापावे लागले. त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी १८६६ साली आधी एक गोष्ट लिहिली, तीही निनावी. अवयव गमावलेल्या एका माणसाची ती काल्पनिक कथा वाचकांना इतकी खरी वाटली, की काहींनी त्याच्यासाठी पैसे गोळा केले. पुढे १८७१ साली त्यांनी या जाणिवेला 'फँटम लिंब' हे नाव दिले. पुरलेला पाय वाकडा पडला म्हणून दुखतो, तो उकरून सरळ केला की बरे वाटते, अशा समजुती त्या काळी अमेरिकेतही होत्या. हे वाचताना मला आजीच्या तांब्याची आठवण झाली. ती चार वर्षांपूर्वी गेली. असती तर तिला म्हटले असते, "आज्जे, तू एकटी नव्हतीस."

पण हे होते कसे? कॅनडातील मेंदूतज्ज्ञ वाइल्डर पेनफील्ड शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करत आणि कुठे काय जाणवले ते विचारत. त्यातून मेंदूवरचा शरीराचा नकाशा तयार झाला. त्यात पाठीला जागा थोडी, हाताला आणि ओठांना मात्र भरपूर. हात आणि चेहरा यांचे तुकडे शेजारी शेजारी आहेत. १९९० च्या दशकात आपल्या तमिळनाडूत जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांना असे रुग्ण आढळले, की त्यांच्या गालाला स्पर्श केला तर नसलेल्या हाताला स्पर्श झाल्यासारखे वाटे. त्यांचे म्हणणे असे, की हाताची पडीक जमीन शेजारच्या चेहऱ्याने कसायला घेतली. मी रात्री अंथरुणात गालावरून बोट फिरवून पाहिले. मला काहीच जाणवले नाही.

आणि या मताबद्दल वादही आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तीन व्यक्तींच्या मेंदूचे चित्रण त्यांचा हात कापण्यापूर्वी आणि नंतरही केले होते. हात गेल्यावरही हाताचा नकाशा जवळजवळ जसाच्या तसा राहिला होता. हे मला लगेच समजले, कारण मी शेतकऱ्याची मुलगी आहे. आमच्या आजोबांना जाऊन कितीतरी वर्षे झाली, पण सातबाऱ्यावर अजून त्यांचेच नाव आहे. बोटे गेली, पण मेंदूच्या दप्तरी त्यांची नोंद कायम आहे. नोंद आहे म्हणून जाणीव आहे. शिवाय तुटलेल्या नसांची टोकेही आपापले निरोप पाठवत राहतात. म्हणजे मला वेड लागलेले नाही आणि कोणी झपाटलेलेही नाही. हात गमावलेल्या बहुसंख्य लोकांना असेच होते.

रामचंद्रन यांनी एक साधा उपायही शोधला, आरसा! आरसा उभा धरायचा, अधू हात त्याच्या मागे ठेवायचा आणि चांगला हात पुढे. आरशात चांगल्या हाताचे प्रतिबिंब दिसते आणि मेंदूला वाटते, हाच तो दुसरा हात. सर्वांना गुण येतोच असे नाही, पण काहींना येतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईच्या ट्रंकेतला आरसा काढला आणि सोप्यात बसले. तिन्ही बोटे सकाळपासून मिटलेली होती. डावी मूठ आरशापुढे धरली आणि हळूहळू उघडली. आरशात माझा उजवा हात उघडला, पाचही बोटांचा. कितीतरी वेळ मी मूठ मिटत होते, उघडत होते. केव्हातरी नखांचे रुतणे सैल झाले. अनामिका तशीच राहिली, पण दोन बोटे सुटली.

अण्णा माझ्या मागे केव्हा येऊन उभे राहिले ते मला कळले नाही. त्यांनी आरशात पाहिले. आठ वर्षांत माझ्या हाताकडे त्यांनी प्रथमच पाहिले असेल. ते काही न बोलता गोठ्याकडे निघून गेले. मी त्यांच्या मागे गेले आणि सगळे सांगितले. खाज, मुंग्या, मूठ, उशी, सगळे. बराच वेळ ते कडब्याच्या काड्या मोडत राहिले. मग म्हणाले, "एवढी वर्सं एकटीच सोसत व्हतीस?"

आमच्या वर्गातल्या मुलांना मोबाईल खिशात नसतानाही तो थरथरल्याचा भास होतो. २०१२ साली अमेरिकेतील २९० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहणीत दहांपैकी जवळजवळ नऊ जणांना असा भास होत असल्याचे दिसले. तेव्हा वाचक मित्रांनो, मी तुमच्यापेक्षा फार वेगळी नाही. प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर एखादे जुने नाव राहून गेलेले असते. ते दुखते असे कोणी सांगितले तर 'मनाचे खेळ' म्हणून त्याला परत पाठवू नका, एवढेच मागणे आहे.

माझे दुखणे संपलेले नाही. आरसा आता वसतिगृहात माझ्या उशाशी असतो. अनामिका हट्टी आहे. शनिवारी मी गावी गेले की अण्णा जेवायला बसताना माझ्या हाताकडे बघतात आणि विचारतात, "आज कुठलं?" मी बोटाचे नाव सांगते आणि आम्ही जेवायला लागतो.