ळ आणि दोन ‘जग’

सेमिनरीत नव्या कराराची ग्रीक शिकताना एक गोष्ट ध्यानी आली. लँब्डा, ओमिक्रॉन, गॅमा, ओमिक्रॉन, सिग्मा ही नावे तोंडपाठ असली, तरी त्यांतून ‘लोगोस’ हा शब्द उमटत नाही. इंग्रजी शिकणाऱ्या बालकाचीही हीच अडचण. ‘सी-ए-टी’ म्हणून ‘कॅट’ होत नाही. म्हणून तिकडे अक्षराच्या नावाआधी त्याचा ध्वनी शिकवण्याची पद्धत आली. देवनागरीत ‘क’चे नाव आणि ध्वनी एकच. मग आपले मूल अडते कोठे?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत याचे उत्तर शोधावे. कर्नाटकची सीमा जवळच. शिवाय कामानिमित्त उत्तरेकडून आलेली कुटुंबे. एका दारात कानडी, दुसऱ्या दारात हिंदी, तिसऱ्यात आपली कोल्हापुरी. मराठी शाळेत ही सारी लेकरे एका सुरात बाराखडी म्हणतात. पुस्तक उघडले की त्यांतली काही गप्प होतात.

‘कि’मधील वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, कानांना नंतर ऐकू येते. ‘घर’ म्हणताना ‘र’मधला ‘अ’ गळून पडतो. हिंदी घरातले मूल ‘कमळ’ला ‘कमल’ म्हणते. कानडी घरातल्या मुलाला ‘ळ’ जन्मापासून ठाऊक. पहिल्याचे वाचन चुकले म्हणणे हा शुद्ध अन्याय होय. शब्द तर त्याने ओळखलेला असतो! आणि ‘जग’? एक जग म्हणजे दुनिया, दुसरे ‘शंभर वर्षे जग’ या आशीर्वादातले. अक्षरे तीच, ‘ज’ मात्र निराळा. कोणता, हे अर्थच सांगतो. आणि घरी मराठी कानांवर न पडणाऱ्या मुलाला तो अर्थ कोण सांगणार?

फलटणला भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांच्या पुढाकाराने १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. वर्णमालेच्या क्रमात न अडकता, ज्यांतून लगेच शब्द तयार होतील अशी मोजकी अक्षरे आधी घ्यावीत आणि जोडीला गोष्टी व गप्पा असाव्यात, हा त्यांचा विचार मला मनोमन पटतो. कंठापासून ओठांपर्यंत जाणारी आपली वर्णमाला शास्त्र म्हणून अप्रतिम आहे; पण पहिलीतल्या मुलाने ‘ङ’ आणि ‘ञ’ घेऊन करावे काय? त्याला ‘मामा’ वाचता आला पाहिजे, तोही पहिल्याच आठवड्यात.

पालकहो, इंग्रजी ध्वनींच्या शिकवणीला पैसे मोजण्याआधी रोज रात्री दहा मिनिटे मुलाला मराठी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. शेजारच्या हिंदी घरातले पोर आले, तर त्यालाही जवळ बसवून घ्या.