कोबाल्टचा स्वभाव

आपल्याकडे 'आतलं' ते खरं आणि 'वरवरचं' ते खोटं मानतात. भौतिकशास्त्रातला एक विषय मला आवडतो, कारण तो या समजुतीला सरळ छेद देतो.

दोन चुंबकीय धातूंमध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा विद्युतरोधक थर ठेवला, तर त्यातून वीज वाहायला नको. पण पुंजयांत्रिकीच्या नियमांनुसार काही इलेक्ट्रॉन पलीकडे पोहोचतात. यालाच टनेलिंग म्हणतात. दोन्ही धातूंचं चुंबकत्व एकाच दिशेला असेल, तर सहसा विरोध कमी होतो. उलट दिशांना असेल, तर वाढतो. मिशेल ज्युलियेर यांनी १९७५ साली लोह आणि कोबाल्ट यांच्यामध्ये जर्मेनियमचा थर ठेवून, ४.२ केल्विन तापमानाला, सुमारे १४ टक्के फरक मोजला. त्यांच्या सूत्रात प्रत्येक धातूला एक ठरावीक आकडा होता. जणू धातूचा जन्मजात स्वभावच!

पुढे १९९९ साली फ्रान्समध्येच कोबाल्टवर एक प्रयोग झाला. मधला थर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा असताना परिणाम नेहमीसारखा मिळाला. स्ट्रॉन्शियम टिटॅनेटचा थर घेतला आणि तो चक्क उलटा झाला. कोबाल्ट तोच, शेजारी फक्त बदलला!

मग खरा कोबाल्ट कोणता?

माझ्या मते, हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. धातूच्या आत प्रत्येक अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावर एक बाजू मोकळी पडते किंवा तिथे परका अणू येऊन जोडला जातो. त्यामुळे तिथल्या इलेक्ट्रॉनांना आतमध्ये कुठेच नसलेल्या अवस्था मिळू शकतात. १९९५ साली लोहाच्या पृष्ठभागावर अशी अवस्था सूक्ष्म सुईच्या टोकाने टिपली गेली. टनेलिंग करणारा इलेक्ट्रॉन याच उंबरठ्यावरून निघतो. म्हणून कोणत्या स्पिनचे इलेक्ट्रॉन पलीकडे जाणार, हे बऱ्याच अंशी इथे ठरतं.

या सांध्याकडे लक्ष दिल्याचं फळही मिळालं. २००४ साली लोह आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांचे स्फटिक नीट जुळवून साध्या तापमानाला सुमारे २०० टक्के फरक मिळाला. हार्ड डिस्क वाचणाऱ्या शीर्षांत पुढे हेच तंत्र आलं.

'त्याचा स्वभावच तसा' म्हणत आपण माणसांचा निकाल लावतो. माणूस म्हणजे कोबाल्ट नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही असा निकाल कानावर आला, की मी विचारतो : त्याच्या शेजारी तेव्हा कोण होतं?