उकळते भांडे आणि आपले पाय

डोक्यावरची टोपी निवडताना माणूस दहा वेळा आरशात पाहतो. पायांत काय घालावे याचा विचार मात्र तो बहुधा पायाला इजा झाल्यावरच करतो. आमच्या भाच्याचेही असेच झाले. हा मुलगा मूळचा वसईचा, आता नोकरीनिमित्त इंग्लंडात मँचेस्टरजवळ राहतो. सुट्टीच्या दिवशी घरी बीअर तयार करण्याचा त्याला छंद जडला आहे. गेल्या महिन्यात उकळत्या माल्टचे भांडे उतरविताना ते थोडे कलंडले आणि हेंदकाळलेला काढा त्याच्या कापडी बुटात गेला. बुटाच्या नाड्या सोडवीपर्यंत पायाची वरची बाजू भाजून निघाली. जखम भरून आल्यावर त्याने आम्हांस लिहिले, "मामा, तुम्ही इतकी वर्षे गिरणीकामगारांत काढलीत. या कामाला कोणते बूट घ्यावेत ते तुम्हीच सांगा."

बीअरविषयीचा प्रश्न दारूबंदी असलेल्या गुजरातेतील एका धर्मगुरूला विचारावा, याचे वाचकांस हसू येईल. आम्हांसही आले. इंग्लंडात १९६३ पासून घरापुरती बीअर करण्यास परवाना लागत नाही. आपल्याकडील गोष्ट निराळी आहे. गुजरात राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले, तेव्हापासून येथे मुंबई इलाख्याच्या १९४९ च्या कायद्याची दारूबंदी चालत आली आहे. आणि महाराष्ट्रातही परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे हा गुन्हाच आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी चुलीवर प्रयोग मांडू नये, एवढे आरंभीच सांगतो. परंतु भाच्याच्या प्रश्नात बीअर केवळ निमित्त आहे. उकळता द्रव, ओली फरशी, जड भांडे, तीव्र सोडा आणि तासन्‌तास उभे राहणे, ही पाच संकटे जेथे एकत्र येतात तेथे पाय कसे सांभाळावेत, हा खरा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर पर्वत पाटियाला विचारणे मुळीच चुकीचे नाही.

प्रथम भाच्याच्या कामाचे स्वरूप पाहू. मोड आणून वाळविलेले सातू गरम पाण्यात भिजवून त्यांचा गोड काढा करतात, त्यावर सुमारे ७५ अंशांचे पाणी ओतून उरलेली साखर धुऊन घेतात आणि मग तो काढा तासभर खळखळून उकळतात. एका वेळचा काढा बहुधा २०-२३ लिटर असतो. म्हणजे भांडे धरून २५ किलोंच्या वर वजन झाले. काढा साखरेचा असल्यामुळे साध्या पाण्यापेक्षा तो त्वचेला अधिक चिकटतो आणि जमिनीवर सांडला तर आधी बुळबुळीत व मग चिकट होतो. पुढे भांडी धुण्यासाठी सोड्याची किंवा आम्लाची द्रावणे येतात. आंबविण्यासाठी काहीजण काचेच्या मोठ्या बाटल्या वापरतात. त्यांपैकी एखादी ओल्या हातातून निसटली तर तिचे तुकडे पायांवरच येतात. हे सारे चार ते सहा तास उभ्याने चालते.

आता आमच्या परिसराकडे वळू. पाटिया म्हणजे गावाच्या नावाची पाटी लावलेला रस्त्यावरचा थांबा. पर्वत गावचा हा थांबा सुरतेहून कडोदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे आणि आज तो शहरात पुरता मिसळून गेला आहे. एका बाजूस कापडबाजार, दुसऱ्या बाजूस लिंबायत-गोडादऱ्याच्या वस्त्या. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबे या भागात मोठ्या संख्येने आहेत. कोणी मागावर आहे, कोणी बाजारात गासड्या उचलतो, तर कोणी पांडेसरा, कडोदरा किंवा पलसाण्याच्या रंगाईच्या मिलमध्ये आहे. सुरतेचे कापड मुख्यतः पॉलिएस्टरचे. त्याला रंग चढविण्यासाठी बंद यंत्रात दाबाखाली सुमारे १३० अंशांपर्यंत तापविलेले पाणी लागते. कापड मऊ व्हावे म्हणून ते कॉस्टिक सोड्याच्या उष्ण द्रावणातून काढतात. यंत्र रिकामे केले की गरम पाणी गटाराकडे धावते आणि फरशी दिवसभर ओलीच राहते. भाच्याच्या स्वयंपाकघरात महिन्यातून एकदा जे घडते, ते येथे प्रत्येक पाळीत घडते.

पवित्र गुरुवारी आम्ही उपासनेत बारा जणांचे पाय धुतो. अन्य दिवशी माणसांचे चेहरे पाहावयाचे, त्या दिवशी पाय पाहावयाचे. एका वर्षी नवापूरकडील एका प्रौढ गृहस्थाचा पाय हातात घेतला, तेव्हा घोट्याखाली तळहाताएवढा गुळगुळीत, फिक्कट डाग दिसला. उपासना संपल्यावर आम्ही त्याविषयी विचारले. ते म्हणाले, "फादर, मिलमध्ये बूट दिले होते. पण ते एवढे जड आणि एवढे गरम, की दुपारनंतर पायात ठेववत नव्हते. खुंटीला टांगले आणि चप्पल घातली. त्याच दिवशी पाणी आले."

बूट होता, चांगलाही असेल. पण तो खुंटीवर होता. आम्हांस या विषयात जे काही उमगले ते या एका वाक्यात आहे. आपण सुरक्षितता ही गरज मानतो आणि सोय ही चैन मानतो. पाय तसे मानीत नाहीत. जे पादत्राण टोचते, तापते, घोट्याला घासते, ते संकटाच्या घटकेपर्यंत पायात टिकत नाही. आणि जे पायात नाही ते कितीही मजबूत असले तरी कोणाचे रक्षण करणार? म्हणून सोयीस्कर असणे हा सुरक्षित असण्याचाच भाग समजावा.

आता निवडीच्या गोष्टी क्रमाने पाहू. पहिली गोष्ट, वरून द्रव आत जाता कामा नये. हवाई चप्पल, सँडल, कोल्हापुरी वहाण ही या कामाला सर्वथा अयोग्य. कोल्हापुरी वहाणेचा चामडी तळ तर ओल्या फरशीवर घसरतो. हल्ली फोमचे हलके, मोठ्या भोकांचे जे क्लॉग मिळतात त्यांची भोके नेमकी वरच्या बाजूस असतात. उकळते पाणी तेथूनच शिरते. भाच्याचे कापडी बूट तर त्याहून वाईट, कारण कापड गरम द्रव शोषून तो त्वचेशी धरून ठेवते. योग्य म्हणजे पोटरीपर्यंत येणारा, एकसंध, पाणी न शिरणारा गमबूट, आणि त्यावरून बाहेर सोडलेली पॅन्ट. पॅन्टचा पाय बुटात खोचला की बुटाचे नरसाळे होते आणि सांडलेले सारे पाणी आत उतरते. हे इतके साधे आहे, तरी निम्मी माणसे उलटे करतात.

दुसरी गोष्ट, बूट क्षणात निघाला पाहिजे. ६० अंशांचे पाणी सुमारे पाच सेकंदांत प्रौढ माणसाची त्वचा खोलवर भाजते. ७० अंशांच्या पाण्याला एखादा सेकंद पुरतो. नाड्यांच्या गाठी सोडवायला तेवढी सवड नसते. म्हणून या कामाला नाडीचे बूट घेऊ नयेत. गमबूट इतका सैल असावा की दुसऱ्या पायाच्या टोकाने टाच दाबली की तो निघावा; पण चालताना टाच आत उचलली जाईल इतका सैलही असू नये.

तिसरी गोष्ट तळाची. गुळगुळीत तळ ओल्या फरशीवर साबणासारखा सरकतो. तळावर खोल खाचा असाव्यात आणि त्या कडेपर्यंत पोहोचलेल्या असाव्यात, म्हणजे पायाखालचे पाणी बाहेर जाते. खाचा झिजल्या की वरून बूट नवा दिसला तरी तो निवृत्त करावा. काम झाल्यावर तळ धुणेही आवश्यक आहे; साखर किंवा साबण खाचांत वाळला की उत्तम तळाचाही उपयोग राहत नाही.

चौथी गोष्ट, सोड्याला तोंड देणारा माल. कॉस्टिक सोडा चामडे खातो. त्वचेवर तो आधी केवळ बुळबुळीत लागतो, वेदना उशिरा कळते, आणि तोपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. म्हणून चामड्यापेक्षा रबर किंवा पीव्हीसी बरे. जेथे पिंप, गासडी किंवा काचेची मोठी बाटली पायावर पडण्याचे भय आहे तेथे पुढे पोलादी टोपी असलेला बूट घ्यावा. आपल्याकडे सुरक्षा-बुटांसाठी आयएस १५२९८ हे मानक आहे. त्यातील सेफ्टी बुटाची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसेल अशी असावी लागते. खरेदी करताना हा क्रमांक बुटावर आहे की नाही हे पाहावे. कारखान्यात हे बूट मालकाने द्यावयाचे असतात; त्यांचे पैसे मजुरीतून कापून घेणे न्यायाचे नाही.

आता सोयीविषयी. पाय सायंकाळी थोडे सुजतात, म्हणून बूट सायंकाळी घ्यावेत, आणि जे मोजे कामावर घालणार तेच घालून पाहावेत. दोन्ही पाय सारखे नसतात; मोठ्या पायाला बसेल ते माप घ्यावे. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सुटली पाहिजे. गमबुटाचा तळ बहुधा कठीण असतो; आत काढता-घालता येईल असा मऊ तळवा टाकला तर टाचा आणि कंबर दोन्हींना आराम मिळतो. सुरतेच्या उन्हाळ्यात बुटात घाम साचतो, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि मग माणूस बूट टाळू लागतो. त्यावर उपाय म्हणजे पाळीच्या मध्यावर बदलण्यासाठी मोज्यांचा दुसरा जोड, आणि रात्री बूट उलटे टांगून वाळविणे. मधुमेह असलेल्यांनी तर विशेष जपावे. त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. चटका बसला तरी कळत नाही आणि बुटातील खडा दिवसभर टोचला तरी समजत नाही. त्यांनी बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा आणि रात्री पाय उजेडात पाहावेत.

यात नवीन असे थोडेच आहे. भाचा ज्या लँकेशायरच्या बाजूस राहतो तेथील कापडगिरण्यांतले कामगार पूर्वी लाकडी तळाचे, वर चामडे असलेले क्लॉग घालीत. लाकडाचा जाड तळ पायाला ओल्या फरशीपासून वर उचलून धरी आणि पायातून चटकन निघतही असे. मँचेस्टर काय आणि सुरत काय, ओल्या फरशीने दोन्हीकडच्या माणसांना एकच धडा दिला.

आपल्या घरांत मात्र एक निराळीच अडचण आहे. पादत्राणे उंबऱ्याबाहेर ठेवण्याची आपली रीत. ती स्वच्छतेची आहे, चांगली आहे आणि आम्ही ती मोडा असे म्हणत नाही. परंतु त्याच रीतीमुळे घरातील स्त्री भाताची उकळती पेज अनवाणी पायांनी निथळते, लग्नाच्या मांडवात आचारी अनवाणी पायांनी रश्श्याचे पातेले उचलतात, आणि सणाच्या आदल्या दिवशी तेलाची कढई लहान मुलांच्या मधून वाहून नेली जाते. यावर तोड म्हणजे चुलीपाशी वापरण्यासाठी बंद पुढ्याचा, धुता येणारा एक निराळा जोड ठेवणे. तो रस्त्यावर कधी जात नाही, म्हणून त्याने स्वयंपाकघर विटाळत नाही. इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीत निराळी पादत्राणे असतात. मग घराने तेवढे का करू नये?

बुटांवर सारा भार टाकूनही चालत नाही. भरलेले भांडे उचलण्याऐवजी त्याला खाली तोटी बसवावी किंवा नळीने द्रव उतरवावा. पाणी सांडले की काम थांबवून पुसावे. मुलांना त्या वेळी बाहेर खेळावयास पाठवावे. आणि एवढे करूनही पाय भाजलाच, तर आधी बूट व मोजा काढावा. मोजा त्वचेला चिकटला असेल तर मात्र तो ओढू नये. मग नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली पाय पुरी वीस मिनिटे धरावा. हळद, तूप, टूथपेस्ट, बर्फ यांपैकी काही लावू नये. सोडा सांडला असेल तर याहूनही अधिक वेळ पाणी सोडावे. भाजलेली जागा तळहाताहून मोठी असेल, फोड मोठे असतील किंवा सोड्याने भाजले असेल तर त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

पाय दिवसभर आपला भार वाहतात आणि क्वचितच तक्रार करतात. म्हणूनच बहुधा त्यांचा वाटा घरच्या हिशेबात शेवटी येतो. आता सणासुदीची खरेदी सुरू होईल. मुलांचे कपडे येतील, घरात पडदे येतील. त्या यादीत, जो पाळीला जातो त्याच्यासाठी सोयीच्या गमबुटांचा एक जोड आणि जी चुलीपाशी उभी राहते तिच्यासाठी बंद पुढ्याचा एक जोड एवढे लिहावे. आणि खरेदीला त्या दोघांना बरोबर न्यावे. कारण दुसऱ्याने पसंत केलेला बूट बहुधा खुंटीवरच राहतो.