पायानं ढकलायचा रस्ता

‘घरच्या हलक्या व्यायामासाठी स्वस्तातली मॅन्युअल ट्रेडमिल कशी निवडावी’ हा विषय संपादकांनी दिला आहे. माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टला हा प्रश्न बहुतेक वेळा साठीच्या आसपासच्या माणसासाठी विचारला जातो. साखर निघालेली असते, गुडघे दुखत असतात आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं असतं. माझं म्हणणं आधीच मांडतो: या मशीनमध्ये स्वस्त आणि हलकं या दोन गोष्टी सहसा एकत्र नांदत नाहीत. ज्याला हलकं चालायचं आहे, त्यालाच ती सगळ्यांत जड पडते.

मोटार नसलेला पट्टा पायानं मागे रेटावा लागतो. तो खालच्या फळीवर घासतो, आणि अंगावरचं वजन जितकं जास्त तितकी ही घासण वाढते. मशीन सपाट ठेवलं तर पट्टा नीट सरकत नाही, म्हणून पुढची बाजू उचललेली असते. एक मीटर लांबीला 10 सेंटिमीटर उचल असेल, तर 70 किलोच्या माणसाचं सुमारे 7 किलो वजन पट्ट्याला मागे ओढतं. त्या ओढीवर पट्टा फिरतो. जाहिरातीत हाच चढ ‘जास्त कॅलरी जाळणारी सोय’ म्हणून सांगतात, आणि इथं मला सविस्तर बोलावंच लागेल. मोटारीचे पैसे वाचले, तर मोटारीचं काम कुणीतरी करायलाच हवं. ते चालणाऱ्याचं काळीज आणि पोटऱ्या करतात. चालायला किती प्राणवायू लागतो हे काढायचं एक सूत्र आमच्या क्षेत्रात रूढ आहे. ताशी 2.7 किलोमीटर, म्हणजे अगदी सावकाश, सपाटीवर चाललं तर दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे 8 मिलिलिटर प्राणवायू लागतो. वेग तोच ठेवून 10 टक्के चढ दिला की आकडा 16 वर जातो. वेगाचा आणि चढाचा हे दोन आकडे मी मुद्दाम निवडले आहेत. हृदयाची टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची चाचणी, करतात तिची सर्वांत प्रचलित पद्धत सिॲटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी 1960च्या दशकात रूढ केली, आणि तिचा पहिला टप्पा नेमका हाच आहे: ताशी 2.7 किलोमीटर, 10 टक्के चढ. तिथं छातीला ईसीजीच्या तारा असतात, शेजारी डॉक्टर असतो आणि हा टप्पा 3 मिनिटांत संपतो. रुग्ण अशक्त असेल तर सुधारित पद्धतीत सुरुवातीचा चढ शून्यावर आणतात. म्हणजे दवाखान्यात अशक्त माणसासाठी जो चढ आम्ही काढून टाकतो, तोच घरी त्याच्यासाठी विकत घेतला जातो, आणि तोही रोज अर्धा तास बीडजवळचा मांजरसुंब्याचा घाट चढावा तसा.

यावर लोक म्हणतात, घाम तर चांगला निघतो ना? या समजुतीशी लढून मी थकलो आहे. दिवाळीच्या सुमारास ज्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, तिथं कष्ट घामानंच मोजले जावेत हे मी समजू शकतो. पण घाम हवेवरही ठरतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की बसल्या जागीही तो येतो. मशीनवरचा कॅलरीचा आकडाही तसाच. साध्या मीटरला पट्ट्याचे फेरे कळतात; तुमचं वजन आणि मशीनचा चढ कळत नाही. श्वास मात्र फसवत नाही. चालताना हरिपाठ गाता आला तर व्यायाम हलका, बोलता येतं पण गाता येत नाही तर मध्यम, आणि वाक्य मध्येच तुटत असेल तर थांबायची वेळ झाली. शिवाय पट्टा अडतो तेव्हा माणूस दांडा घट्ट धरून पुढे वाकतो. मूठ अशी आवळून ठेवली की रक्तदाब चढतो, कंबर भरून येते आणि चाल चालीसारखी राहत नाही.

मॅन्युअल मशीनच्या बाजूनं बोलणाऱ्यांचे मुद्दे खोटे नाहीत. वीज गेली तरी ते अडत नाही, आणि माणूस थांबला की पट्टाही थांबतो. तोल जाण्याची भीती असलेल्याला हा मोठा आधार आहे. तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. बीड, गेवराई किंवा माजलगावात एकट्या बाईनं पहाटे रस्त्यावर चालायला जाणं सोपं नाही. फुटपाथ नाही, कुत्री आहेत, लोकांच्या नजरा आहेत. तिला ‘बाहेर चाला’ असं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. पण तिला चालण्याची जागा हवी आहे, चढ नको आहे. गुडघा दुखत असेल तर तेवढ्याच पैशांत येणारी व्यायामाची सायकल बरी, कारण अंगाचा बराच भार सीट घेते. गुडघा ठीक असेल तर गच्ची, व्हरांडा, अगदी दोन खोल्यांमधली येरझारही पुरते. एका वेळी निदान 10 मिनिटं चाललं तरच ते धरायचं, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 च्या मार्गदर्शनात ठेवलेली नाही. आठवड्याची 150 मिनिटं तुकड्यातुकड्यांनी भरली तरी चालतात.

तरीही घ्यायचीच असेल, तर दुकानात टेप घेऊन जा. पट्टा ज्या फळीवर फिरतो तिची पुढची आणि मागची उंची मोजा, फरकाला लांबीनं भागा. चढ कमी करता येत नसेल तर ते मशीन सोडून द्या. पट्टा निदान 40 सेंटिमीटर रुंद हवा, आणि पूर्ण पाऊल पडेल इतका लांब. नाहीतर माणूस तुरुतुरु चालतो आणि पोटऱ्या धरतात. अर्ध्या मिनिटात काही कळत नाही. आपलेच बूट घालून, दांड्यावर नुसती बोटं टेकवून 10 मिनिटं चाला आणि बोलत राहा. फळीला कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन ऑइलच द्या, खोबरेल नको. आपल्याकडची धूळ त्यात बसली की घासण आणखी वाढते. आणि साखर असलेल्यानं अनवाणी चालू नये. घरात चप्पल घालायची नाही ही आपली रीत मला माहीत आहे, पण बधिर तळव्याला पट्ट्यानं आलेला फोड कळत नाही. घरात वापरायचा बुटांचा एक जोड वेगळा ठेवा आणि चालून झाल्यावर तळवे उजेडात बघा.