वाऱ्याची वाट : इंदूरचे 'अरण्य'

इंदूरला गेलेला पाहुणा राजवाडा पाहतो, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खातो आणि परततो. मला मात्र अरण्य वसाहत पाहायची होती. नाव अरण्य असले तरी ही आहे दाट वस्ती. इंदूर विकास प्राधिकरणासाठी बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात ती आखली. सुमारे ८५ हेक्टरांत साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड. गरिबाला तयार घर न देता जोते, मोरी, संडास द्यायचे आणि पुढचे बांधकाम त्याने ऐपतीप्रमाणे करायचे. नमुन्यादाखल ८० घरे बांधून दाखवली. १९९५ साली तिला आगाखान पुरस्कार मिळाला. दोशी जन्माने पुण्याचे, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

घरे भिंतीला भिंत लावून, दर्शनी बाजू उत्तर-दक्षिणेला. त्यामुळे ऊन कमी, गल्लीत सावली. पुढे मजले चढले, रंग बदलले. तरी भर दुपारी ओट्यावर बायका निवडण-टिपण करीत बसल्या होत्या!

आता असा आराखडा संगणकावर तपासता येतो. इमारतीभोवतीच्या हवेचे लाखो बारीक तुकडे कल्पून प्रत्येकातला वाऱ्याचा वेग आणि दाब काढतात. अरुंद जागेत वारा जोर धरतो, आडोशाला मंदावून गिरक्या घेतो. उंबऱ्याच्या कोपऱ्यात पाचोळा साचतो, तो याच कारणाने. थंड प्रदेशात त्या जागी बर्फ साचतो. अंटार्क्टिकावरचे भारताचे पहिले ठाणे, 'दक्षिण गंगोत्री', असेच बर्फात गाडले गेले. २०१२ चे 'भारती' म्हणूनच खांबांवर उचललेले आहे. वारा खालून निघून जातो. या मोहिमांचा कारभार आपल्या शेजारच्या वास्कोतून चालतो.

इंदुरात आमच्या मावसभावाचे जुने चौकाचे घर आहे. सुनेला खोली हवी, म्हणून चौकावर स्लॅब टाकायचे घाटत होते. चौकातली तापलेली हवा वर जाते, म्हणूनच दारातून गार झुळूक आत येते, हे मी सांगून पाहिले. भाऊ म्हणाले, "पंखे आहेत की!" वहिनी हुबळीच्या. त्या शेगडीपाशूनच म्हणाल्या, "मग गाळी एल्लिंद बरबेकु?" सून गप्प होती. तिचीही अडचण खरी. लग्नाला दोन वर्षे झाली, पण स्वतःचे दार लावून घेता येईल अशी जागा नाही.

खोली गच्चीवर काढली तर खर्च जवळजवळ दुप्पट. गवंडी दसऱ्यानंतर येणार आहे.